रक्तपिपासू, वाडा आणि रात्रपाळी

मराठी समीक्षेला भयकथेचे वावडे आहे. नारायण धारप (१९२५–२००८) हयात असताना ‘रंजनपर’ हा एक शब्द त्यांना समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्यास पुरेसा होता. दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या बाबतीत तोही शब्द खर्च करण्याची गरज कोणाला वाटत नाही. ह्याच्या उलट टोकाला ‘लोकप्रिय संस्कृती’चे उत्सवी अभ्यासक उभे आहेत. मालिका गाजली हाच त्यांच्या लेखी तिच्या अर्थपूर्णतेचा पुरावा असतो. पहिल्याचा तिरस्कार आणि दुसऱ्याचे कौतुक ह्यांत एक गोष्ट समान आहे : संहिता कोणीच वाचत नाही.

‘द व्हॅम्पायर डायरीज’ ह्या अमेरिकन मालिकेचे पहिले पर्व (२००९–१०, २२ भाग) ह्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. एका शाळकरी मुलीभोवती फिरणारे दोन रक्तपिपासू भाऊ, एवढाच त्याचा सारांश सहसा सांगितला जातो. थोरला माणसांचे रक्त पितो, धाकटा जनावरांच्या रक्तावर भागवतो. म्हणजे तहान हा वैयक्तिक इंद्रियनिग्रहाचा प्रश्न ठरतो. पर्वाची बांधणी मात्र वेगळ्याच पायावर उभी आहे. व्हर्जिनियातील काल्पनिक गाव, गाव वसवणारी प्रतिष्ठित घराणी, त्यांचे गुप्त मंडळ, शेवटच्या भागातील संस्थापक दिनाचा सोहळा आणि वारंवार परतून येणारे १८६४ हे साल. १८६४ चे व्हर्जिनिया म्हणजे यादवी युद्धातील गुलामधारक दक्षिण. पर्वात त्या काळातून दिसतात त्या घोडागाड्या, उंची पोशाख आणि नृत्यसमारंभ. एमिली बेनेट ही कृष्णवर्णीय स्त्री एका गोऱ्या रक्तपिपासू स्त्रीची दासी म्हणून वावरते, आणि गुलामगिरी कथानकाचा विषय होत नाही. जिथे खरोखर माणसांचे रक्त आटवले जात होते, तेवढी एकच जागा रक्ताच्या ह्या कथेने वर्ज्य केली आहे.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) असे नव्हते. तिथला सरदार लंडनमध्ये घर विकत घेतो. त्याचे भय आणि त्याची मालकी एकत्रच इंग्लंडात उतरतात. फ्रँको मोरेत्ती ह्यांनी त्याचे वाचन भांडवलाच्या अंगाने केले ते ह्याच आधारावर. कुमारांसाठीच्या मालिकेत मालकी उरते, भय जाते. ऐश्वर्य हा नायकाच्या आकर्षकपणाचा भाग होतो.

ह्यावर देशीवादी उत्तर तयार असते : रक्तपिपासू हा परका, वेताळ, मुंजा, हडळ, समंध हे आपले. ‘स्टार वन’वरील ‘प्यार की ये एक कहानी’ (२०१०–११) सारखी हिंदी मालिका पाहिली की हे उत्तर पटूही लागते. परंतु ते अपुरे आहे. धारपांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरूनच (१९७५) आलेली आहे आणि मराठी वाचकाने ती आपली मानली. उसनवारी हा गुन्हा नव्हे. वाटेत काय गळाले हे विचारणे महत्त्वाचे. ‘समंध’ हा शब्द बोलीत ‘संबंध’ ह्या अर्थानेही वापरला जातो. मागे राहिलेल्या धनात, वास्तूत, वासनेत जीव अडकलेले हे भूत म्हणजे मूर्तिमंत संबंधच आहे. भूत आपले की परके, हा वाद घालताना हा संबंध कोणाचा कोणाशी, हे विचारायचे राहून गेले.

ते विचारण्याची संधी ‘रात्रीस खेळ चाले’ने दिली होती. झी मराठीवरील ह्या मालिकेच्या पहिल्या पर्वाची (२०१६) सुरुवात अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते. दुसरे पर्व (२०१९–२०) काळात मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवते. ह्या एका रचनात्मक निर्णयाने भयाचे स्थान बदलते : भुताचा धाक ओसरतो आणि वाडा, जमीन, बाई ह्यांवर हक्क सांगणाऱ्या जित्या पुरुषाचा धाक सुरू होतो. मालवणी मुलखातला हा गृहस्थ सुळ्यांवाचून रक्तपिपासू आहे. मात्र हे दाखवून मालिका थांबत नाही. अण्णा आणि शेवंता ह्यांच्या संबंधाची ती मोहिनी करते. अत्याचार हा रुबाब होतो. व्हर्जिनियात झाले तेच आकेरीच्या वाड्यात झाले, आणि त्यासाठी कोणतेही परके भूत आयात करावे लागले नाही.

मालिकेने अंधश्रद्धा वाढते, हा २०१६ मध्ये घेतला गेलेला आक्षेप सामाजिक दृष्ट्या गंभीर आहे. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा पाहिलेल्या महाराष्ट्रात तो हसण्यावारी नेता येणार नाही. समीक्षा म्हणून मात्र तो तोकडा पडतो. तो भुते मोजतो, सातबारा वाचत नाही. दुसऱ्या पर्वातून भूत वगळले तरी त्यातील अन्याय जिथल्या तिथे राहतो, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

कोल्हापूरजवळ, पुणे–बंगळूर महामार्गालगतच्या शिरोली एमआयडीसीत हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. ही ओतकामाची वसाहत. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) रक्तपिपासूची प्रतिमा वापरली ती कामाच्या दिवसावरील प्रकरणात, आणि त्याच प्रकरणात दिवसपाळी-रात्रपाळीची चर्चा करताना ती पुन्हा आणली. उदाहरणे लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची आहेत. भट्ट्या रात्री थंड ठेवल्या तर नुकसान होते, हा तिथल्या मालकांचा युक्तिवाद. रक्तपिपासू आणि रात्र ह्यांचे नाते तिथे कल्पित नाही, पाळीच्या वेळापत्रकात नोंदलेले आहे. फाउंड्रीतल्या रात्रपाळीच्या कामगाराला रात्री उशिराची मालिका त्या वेळी पाहता येत नाही. घरी त्याची मुले पाहतात. पडद्यावरच्या रात्री फिरणाऱ्या देखण्या, श्रीमंत, कधीही न थकणाऱ्या जिवाला उपजीविकेसाठी काही करावे लागत नाही. त्याच रात्री त्या मुलांचा बाप वितळलेल्या धातूपाशी उभा असतो. हे दोन देखावे शेजारी ठेवणे समीक्षेला जमत नसेल, तर तिची पाठ्यपुस्तके कितीही अद्ययावत असोत, तिची दृष्टी अंधारातच आहे.

मराठी विभागांनी अभ्यासक्रमात भयकथा घ्यावी की नाही, हा दुय्यम वाद आहे. घेऊन ‘भयरसा’चे विवेचन करायचे असेल तर न घेतलेली बरी. भयकथेला विचारायचे प्रश्न तीनच आहेत : रक्त कोणाचे, जमीन कोणाची आणि रात्र कोणाची. ते न विचारणारी समीक्षा वाड्याच्या बाजूने साक्ष देत असते, मग ती स्वतःला कितीही तटस्थ म्हणवो.