गॅमा कॅमेऱ्याच्या दैनिक चाचणीसंबंधी निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
अणुऊर्जा नियामक मंडळ,
अणुशक्तिनगर, मुंबई.

विषय : दैनिक चाचणीस वेळ राखून ठेवणे व कोबाल्ट-५७ चा स्रोत मुदतीत बदलणे.

महोदय,

चंदीगड विमानतळालगतच्या एयरोसिटीत राहणारा व या परिसरातील एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनचा तंत्रज्ञ म्हणून नोकरीस असलेला मी एक महाराष्ट्रीय, ज्या मुंबईत १९६३ पासून परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने या विद्येची जोपासना केली तेथेच आपले दप्तर असल्याने, हा अर्ज मायबोलीतूनच सादर करीत आहे.

रोज सकाळी पहिला रुग्ण आत घेण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या मुखासमोर कोबाल्ट-५७ चा चपटा स्रोत ठेवून प्रतिमा घ्यावयाची असते. यंत्र निर्दोष असेल तर ती सर्वत्र सारखी उमटते. स्फटिकामागील एखादी फोटोमल्टिप्लायर नळी मंदावली असेल तर तेवढ्याच जागी फिकट डाग दिसतो. हा डाग सकाळी नजरेतून सुटला, तर दुपारी हृदयाच्या प्रतिमेत तोच रक्तपुरवठ्याच्या न्यूनतेचे चिन्ह म्हणून वाचला जाण्याचा संभव असतो, आणि मग कसूर यंत्राची असता उपचार मात्र माणसावर होतात.

या स्रोताचे अर्धायुष्य सुमारे २७२ दिवसांचे असल्याने दीड वर्षात त्याची शक्ती चौथाईवर येते व पाच मिनिटांच्या चाचणीस वीस मिनिटे लागू लागतात. इकडे रुग्णांस टोचावयाचे किरणोत्सारी टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मे होत असते, बाहेर पहाटेपासून उपाशी आलेले रुग्ण बसलेले असतात, आणि "आज राहू द्या, उद्या करू" असे फर्मावले जाते. मी ते एकदा मानले. त्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांच्या प्रतिमा सदोष निघाल्या आणि त्यांना दुसऱ्यांदा इंजेक्शन घ्यावे लागले. ती बोच अद्याप गेलेली नाही.

अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियम, २००४ अस्तित्वात आहेत. उणीव आहे ती अंमलबजावणीची. सबब, चाचणी पूर्ण होऊन नोंदवहीत तंत्रज्ञाची सही पडेपर्यंत रुग्णास किरणोत्सारी औषध टोचू नये, क्षीण झालेला स्रोत बदलण्याची तारीख आगाऊ ठरवून तिची तजवीज रुग्णालयाने आपल्या अंदाजपत्रकात करावी, आणि सदोष यंत्र थांबविणाऱ्या तंत्रज्ञास त्याबद्दल जाब विचारला जाऊ नये, असे स्पष्ट आदेश सर्व केंद्रांस द्यावेत. यांपैकी शेवटची मागणी मला सर्वांत निकडीची वाटते, कारण डाग प्रथम दिसतो तो त्यालाच.

तपासणीस येणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांनी या परिसरातील केंद्रांत सकाळी आठ वाजता, पूर्वसूचना न देता यावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ,
एयरोसिटी