टेक्स्चरचे बांध कोरणारे

वीकांत आहे, चहा गरम आहे, तेव्हा जरा भांडून घेतो.

दोन टेक्स्चर शेजारी-शेजारी लावली की मधे एक बारीक रेघ दिसते. ग्राफिक्समध्ये चार दिवस काम केलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते. आणि प्रत्येक हापिसात एक तरी महाभाग असतो, जो खुर्चीत मागे रेलून सांगतो, "टाइल एक पिक्सेल मोठी कर रे, झाकली जाईल." २५६ ची २५७ करायची, शेजारणीवर जराशी चढवायची, बग बंद. आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. दर नांगरटीला एक तास शेजाऱ्याच्या वावरात!

आधी रेघ येते कुठून ते बघा. टेक्सेलचा रंग हा त्याच्या मध्यबिंदूचा रंग असतो. २५६ च्या टाइलमध्ये शेवटच्या टेक्सेलचा मध्य २५५.५ वर आणि कड २५६ वर. या शेवटच्या अर्ध्या टेक्सेलात रंग मिसळायचा तर पुढचा टेक्सेल लागतो, आणि तो असतो शेजारच्या टाइलमध्ये. तो मिळत नाही म्हणून हार्डवेअर मनाने काहीतरी घेतं. रिपीट मोड असेल तर स्वतःचीच पलीकडची कड आणून मिसळतं. जुन्या ओपनजीएलचा क्लॅम्प मोड बॉर्डरचा रंग मिसळायचा, आणि तो तुम्ही सांगितला नाहीत तर काळा. मग १९९८ साली ओपनजीएल १.२ मध्ये क्लॅम्प टू एज आलं, काळी रेघ गेली, आणि लोकांना वाटलं संपला विषय. कुठला संपतोय! आता ही टाइल कडेला आपलाच शेवटचा रंग ताणते, ती आपलाच पहिला. मधला उतार गायब, पायरी शिल्लक.

"पायरीने असं काय मोठं बिघडतं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यासाठी चला फुलसावंगीला. तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. फुलसावंगीपासून यवतमाळ शहरापर्यंतची जमीन त्रिमितीत दाखवायची आहे असं धरा, वर सेंटिनेल-२ ची चित्रं, जी फुकट मिळतात. पिक्सेल १० मीटरचा. वाटेत ७८ अंश रेखांश लागतो. तिथे यूटीएमचा ४३ वा झोन संपून ४४ वा सुरू होतो, आणि दोन्हीकडचे पिक्सेल एकमेकांशी साधारण दोन अंश तिरपे. (सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटांचं तेच. २० अक्षांशावर ५५ आणि ५६ क्रमांक वेगळे होतात. यवतमाळ ५५ मध्ये, फुलसावंगी ५६ मध्ये. जिल्ह्याच्या कुंडलीतच शिवण आहे म्हणायची.)

तर हे सगळं एका ग्रिडवर आणून तुम्ही २५६ च्या टाइल कापता. एक कड कुणाच्या तरी कपाशीतून जाते. त्या कडेला तिरपी जाणारी पांदण क्लॅम्प टू एजमुळे एका टेक्सेलने उडी मारते. यूव्ही अर्धा टेक्सेल आत घ्यायची युक्ती केलीत तरी तेवढीच उडी, कारण दोन्ही टाइल अर्धा-अर्धा टेक्सेल विरुद्ध बाजूंना ताणल्या जातात. म्हणजे जमिनीवर १० मीटर. बांध राहू द्या, त्यात अख्खा गाडरस्ता मावतो.

पुण्यात बसून आपल्याला ती रेघ 'आर्टिफॅक्ट' दिसते. शेतात उभं राहून मोबाईल बघणाऱ्याला ती बांध दिसते. हद्द स्क्रीनवरून ठरत नाही हे मलाही कळतं. पण भांडण स्क्रीनवरून सुरू होऊ शकतं, आणि बांधाच्या भांडणांत पिढ्या जातात. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाल्यापासून तर ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांची मालमत्ता पत्रकं निघतात. ड्रोनचे फोटो जोडूनच ते चित्र तयार होतं. अशा चित्राचा व्ह्यूअर लिहिताना कुणी "झाकली जाईल" म्हणालं तर मी तरी वाद घालणार.

बरं, खरा उपाय काही रॉकेट सायन्स नाही. टाइल कापतानाच चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची एकेक ओळ सोबत घ्या. २५८ × २५८ साठवा, दाखवा मधलेच २५६. जागा किती वाढली? १.६ टक्के. एवढ्यासाठी लोक रडतात! जुन्या ओपनजीएलमध्ये याच कामाचा बॉर्डर नावाचा पॅरामीटर होता. २००८ च्या ३.० मध्ये तो जुनाट ठरला, आता कोअर प्रोफाइलमध्ये तिथे शून्यच द्यावं लागतं. पॅरामीटर गेला म्हणून गरज गेली नाही. क्यूबमॅपसाठी तर २००९ च्या ३.२ मध्ये कडेपलीकडच्या बाजूचे टेक्सेल घ्यायची सोय खुद्द हार्डवेअरला दिली गेली. आणि सेंटिनेलवाले? त्यांचं ग्रिड १०० किलोमीटरचं, पण प्रत्येक टाइल १०९.८ किलोमीटरची. शेजारी सोबत घेऊनच येते.

मिपमॅप असतील तर मात्र एक ओळ पुरत नाही, दर पातळीला ती निम्मी होते. तीन पातळ्या खाली जायचं तर आठ ओळी, म्हणजे २७२ ची टाइल आणि जवळपास १३ टक्के जागा. डीएक्सटीसारखं ४×४ ठोकळ्यांचं कॉम्प्रेशन असेल तर ओळी चारच्या पटीत घ्या, नाहीतर तोच टेक्सेल दोन टाइलांत वेगळ्या रंगाचा निघेल. नकाशासाठी मी अख्ख्या चित्राचा पिरॅमिड आधी बनवतो आणि मग प्रत्येक पातळी तिच्या शेजारओळींसकट कापतो. वेळ लागतो, पण एकदाच.

एका ठिकाणी २५७ वाल्यांना माफी. लीफलेटमध्ये झूम अपूर्णांकात गेला की पांढऱ्या रेघा येतात. तिथे टेक्सेलचा दोष नसतो. दोन्ही टाइल सीमेवरचा पिक्सेल अर्धा-अर्धा झाकतात, ब्राउझर ते एकावर एक चढवतो, ७५ टक्के झाकलं जातं आणि २५ टक्के मागचं पांढरं डोकावतं. तिथे चढवा बापडे.

म्हणूनच हात लावण्याआधी रोग ओळखा. बॅकग्राउंडचा रंग भडक गुलाबी करा. रेघ गुलाबी झाली तर फट जाळीत आहे, दोन वेगळ्या पातळ्यांचे त्रिकोण नीट जुळलेले नाहीत, टेक्स्चरला शिव्या देऊ नका. गुलाबी झाली नाही तर फिल्टर निअरेस्टवर टाका. रेघ गेली की समजा, शेजारची ओळ घ्यायची राहिलीये. तरीही राहिली तर दोन चित्रं वेगवेगळ्या दिवसांची असणार, एकात कपाशी उभी आणि दुसऱ्यात नुसती काळी जमीन. त्यावर ओळ घेऊन उपयोग नाही. तारखा जुळवा, आणि जुळत नसतील तर दोन्ही तारखा चित्रावर छापा.