होमरूल : डब्लिनचं आणि नगरचं

शनिशिंगणापूर म्हटलं की सगळे बिनदाराच्या घरांबद्दल विचारतात. तासाभरावरच्या नगरबद्दल (आताचं अहिल्यानगर) कुणी विचारत नाही! ३१ मे आणि १ जून १९१६ ला टिळकांनी तिथे होमरूलवर भाषणं केली, तीही मराठीत.

शब्द मात्र आयर्लंडचा. १८४५ नंतरच्या दुष्काळात तिथे सुमारे दहा लाख माणसं मेली, तरी धान्य बाहेर जातच होतं. तो राग पिढ्यान्‌पिढ्या टिकला. १९१४ ला लंडनने होमरूलचा कायदा केला आणि युद्धाचं निमित्त सांगून गुंडाळून ठेवला. एप्रिल १९१६ ला डब्लिनमध्ये उठाव झाला, मे महिन्यात पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या. आणि त्याच महिनाअखेर टिळक नगरला तोच शब्द उच्चारत होते!

काही मित्र म्हणतात, मंडालेनंतर टिळक मवाळ झाले. मला नाही पटत. बादशहा राहू दे, नोकरशाही बदला, हा त्यांचा मुद्दा होता. सरकारने २० हजारांचा जातमुचलका मागितला. जिनांनी केस लढवली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने ऑर्डर रद्द केली. म्हणजे होमरूल मागणं हा राजद्रोह नाही, हे इंग्रजांच्याच कोर्टातून वदवून घेतलं. याला मवाळ म्हणायचं? आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात या सगळ्याला दोन ओळी होत्या, त्यात नगरचं नावसुद्धा नव्हतं.