जालन्याचा हापसा अन् सातासमुद्रापारची दानपेटी : कोणती मदत टिकते?

सेलू : मार्च २०२५ मध्ये म्यानमारला भूकंप झाला. वर्ष संपता संपता श्रीलंकेला चक्रीवादळाचा तडाखा बसला. त्याच्या मधेच, सप्टेंबरात, आपल्या मराठवाड्यात पावसानं शेतं खरवडून नेली. अशा वेळी मोबाईलवर मदतीचे मेसेज फिरतात. कोणी क्यूआर कोड पाठवतं, कोणी फोटो. पारावर मग एकच सवाल निघतो : "आपलंच घर गळतंय, तिथं परदेशातल्या लोकांना कुठून द्यायचं?"

सवाल रास्त आहे. पण हाच सवाल एके काळी आपल्याबद्दलही विचारला गेला असणार. स्कॉटलंडमधल्या, अमेरिकेतल्या चर्चमध्ये रविवारी दानपेटी फिरायची आणि त्यात भारतातल्या दुष्काळासाठी पैसे पडायचे. देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपला मुलूख कधी पाहिला नव्हता. त्या पैशाचं पुढं काय झालं, हे बघितलं तर आज कोणाला द्यावं, कोणाकडून घ्यावं आणि काय विचारावं, याचा उलगडा होतो.

मक्याचं जहाज

१८९९-१९०० चा दुष्काळ फार मोठा होता. तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता. अमेरिकेत 'ख्रिश्चन हेरल्ड' नावाचं एक धार्मिक साप्ताहिक निघायचं. त्यानं वाचकांना, म्हणजे मुख्यतः चर्चला जाणाऱ्या साध्या लोकांना, मदतीची हाक दिली. शेतकऱ्यांनी मका दिला, बाकीच्यांनी डॉलर दिले. मे १९०० मध्ये 'क्विटो' नावाचं जहाज सुमारे दोन लाख बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघालं. आपल्या हिशेबानं साधारण पाच हजार टन. जहाजाचं भाडं अमेरिकन सरकारनं भरलं.

इकडं अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम या मदतकार्यात पुढे होते. ह्यूम यांचा जन्म मुंबईचाच. दुष्काळातल्या कामासाठी त्यांना पुढे सरकारनं 'कैसर-ए-हिंद' पदक दिलं. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तेव्हा सुमारे दीड हजार जण राहत होते. त्यात दुष्काळात उघड्या पडलेल्या मुली आणि विधवा पुष्कळ. त्यांचाही खर्च बराचसा परदेशातल्या देणग्यांवर चालायचा. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, त्यामुळे उपास म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

या मदतीनं जीव वाचले, यात शंका नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच सुमारास आपली मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली, जालना-परतूर-सेलू-परभणीवरून जाणारी. देशभर रेल्वेचं जाळं पसरत होतं आणि धान्य एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ शकत होतं. अडचण होती ती लोकांच्या हातात पैसा नसण्याची. पेरणी बुडाली की मजुरी बुडते, मजुरी बुडाली की बाजारात धान्य असूनही चूल पेटत नाही. अशा वेळी समुद्रावरून लांबचा प्रवास करून आलेला मका पोटात जातो आणि संपतो. पुढच्या दुष्काळाला माणूस परत तिथंच उभा.

दगड फोडणारं यंत्र

आता जालन्याकडे वळू. सेलूहून त्याच रेल्वेमार्गावरचं मोठं ठेसन. तिथं स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन जुनं, एकोणिसाव्या शतकापासूनचं. रेव्हरंड नारायण शेषाद्री या मराठी माणसानं जालन्याजवळ 'बेथेल' ही वस्ती वसवली होती. त्यासाठी जमीन दिली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. ख्रिस्ती काम, मुसलमान दिवाणाची जमीन आणि ब्राह्मण घरात जन्मलेला मराठी पाद्री, असा तो मामला.

१९६० च्या दशकात पाऊस पुन्हा पुन्हा दगा देऊ लागला. विहिरी आटल्या. आपल्याकडे खाली काळा पाषाण. हातानं विहीर खोदायची तर वर्ष जातं, सुरुंग लागतात, पैसा लागतो. तेव्हा जालन्याच्या मिशननं धान्य वाटण्याच्या पुढचं पाऊल टाकलं आणि बोअर पाडण्याचं काम हाती घेतलं. दाबलेल्या हवेवर चालणारं यंत्र काही तासांत दगडात खोल भोक पाडायचं. पुढे युनिसेफनंही भारतात अशी यंत्रं आणली.

पण बोअर म्हणजे चार-सहा इंचाचं भोक. त्यात बादली जात नाही. पाणी वर काढायला हापसा पाहिजे. आणि इथंच घोडं अडलं. त्या काळी मिळणारे हापसे बिडाचे, परदेशी नमुन्याचे, एका घरापुरते बनवलेले. एक कुटुंब दिवसाला दहा-वीस घागरी भरेल या हिशेबाचे. आपल्याकडे एका हापशावर अख्खा गाव. पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा हालतोय, पोरं लोंबकळतायत. महिन्या-दोन महिन्यांत दांड्याची खीळ झिजायची, बीड तडकायचं. १९७४ च्या सुमारास युनिसेफनं पाहणी केली तेव्हा बसवलेल्या हापशांपैकी चारातले तीन बंद निघाले. म्हणजे पाणी होतं, भोक होतं, पैसाही खर्च झाला होता, अन् बाई घागर घेऊन तशीच उभी.

कारखान्यात नव्हे, वर्कशॉपात सुटलेला प्रश्न

याचं उत्तर लंडन-न्यूयॉर्कहून आलं नाही. ते जालना, सोलापूर आणि नगर जिल्ह्यातलं वडाळा इथल्या मिशनच्या वर्कशॉपांत सापडलं. जे लोक रोज बिघडलेले हापसे दुरुस्त करत होते, त्यांनीच नवा हापसा घडवला. बिडाऐवजी पोलाद. अनेक खिळ्यांऐवजी एकच आस. दांड्याच्या पुढच्या टोकाला कमानीसारखा तुकडा आणि त्यावर साखळी, म्हणजे आतली सळई तिरकी न होता सरळ वर-खाली जाते आणि झीज कमी होते. या 'जालना पंपा'नंतर त्यात आणखी सुधारणा होऊन 'सोलापूर पंप' आला.

पुढे भारत सरकार आणि युनिसेफ यांनी सोलापूर पंपाचा पाया धरून १९७० च्या दशकात नवा नमुना तयार करवला. त्याचं नाव 'इंडिया मार्क टू'. आपल्या गावात शाळेजवळ, वेशीजवळ, वस्तीत जो जाड पायाचा, लांब दांड्याचा लोखंडी हापसा दिसतो, तो बहुतेक हाच. त्याचा नमुना कोणी पेटंट करून दाबून ठेवला नाही, कोणताही कारखाना तो बनवू शकत होता. १९९० च्या दशकापर्यंत असे लाखो हापसे बसले होते. भारतातून ते आफ्रिकेतल्या देशांतही गेले आणि तिथल्या दुष्काळी गावांत उभे राहिले.

म्हणजे बघा, मंडळी. स्कॉटलंडच्या दानपेटीत पडलेला पैसा जालन्याला आला. इथल्या हातांनी त्यातून एक वस्तू घडवली. अन् तीच वस्तू पुढे तिसऱ्याच खंडातल्या तहानलेल्या माणसाच्या कामी आली. 'परदेशातली आपत्ती आपल्याला काय करायची' या सवालाला आपल्याच भागातल्या हापशानं दिलेलं हे उत्तर आहे.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरणार नाही. किल्लारी भूकंपानंतर जगभरातून मदत आली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, सेवाभावी संस्था आल्या, ५२ गावं नव्या जागी उभी राहिली. घरं पक्की झाली, हे खरं. पण बऱ्याच ठिकाणी आखणी शहरातल्या कॉलनीसारखी, सरळ रांगांची. बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, बायांनी दुपारी कुठं बसायचं, हे आखणाऱ्याच्या डोक्यात नव्हतं. लोकांनी मग नव्या घरापुढं आपापले पत्रे ठोकले, गोठे बांधले.

पैसा तिथंही कमी नव्हता. कमी पडलं ते विचारणं. हापशाच्या कामात वापरणाऱ्याचा त्रास रोज डोळ्यांपुढं होता, म्हणून तो टिकला.

धर्माचा मुद्दा

चर्चची मदत म्हटलं की धर्मांतराची शंका येते. ती झटकून टाकण्यात अर्थ नाही. मिशनरी धर्म सांगायलाच आले होते आणि ते त्यांनी लपवलं नव्हतं. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावच्या विहिरीवर ज्यांना चढू दिलं जात नव्हतं, त्यांच्या वस्तीत हापसा बसला तेव्हा पहिल्यांदा कोणाच्या ओंजळीची वाट न बघता पाणी भरता आलं. तहान कोणाची भागली, हा हिशेब धर्माच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे.

कसोटी साधी ठेवावी. मदतीला अट जोडली असेल, तर ती मदत नाही, सौदा आहे. हे चर्चला लागू, मंदिराच्या ट्रस्टला लागू, दर्ग्याला लागू आणि निवडणुकीआधी किट वाटणाऱ्या पुढाऱ्यालाही लागू.

आज कायदा काय म्हणतो?

बाहेरून येणाऱ्या पैशावर एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी नियमन कायदा लागू होतो. पहिला कायदा १९७६ चा, नवा २०१० चा. सप्टेंबर २०२० मधल्या दुरुस्तीनं तो कडक झाला. परदेशी देणगी आता फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येते. कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

पैशाचा हिशेब राहावा म्हणून नियम हवेतच. पण याचा फटका तालुक्यातल्या लहान संस्थांना बसतो. पूर्वी मुंबई-दिल्लीची मोठी संस्था पैसे घ्यायची आणि गावपातळीवरच्या संस्थेकडून काम करून घ्यायची. आता लहान संस्थेला स्वतःची नोंदणी लागते, आणि त्यासाठी तीन वर्षं जुनं काम अन् त्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. नाहीतर दर वेळी केंद्राची पूर्वपरवानगी. जालन्याच्या त्या वर्कशॉपासारखं एखादं काम आज कोणाला उभं करायचं असेल, तर पहिलं वर्ष कागदातच जाईल.

दुसरीकडे, मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला परदेशी देणगी घेण्याची मंजुरी मिळाली. असं करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य ठरलं. परदेशातल्या मराठी माणसाला आता गावाकडच्या आपत्तीसाठी थेट देता येईल. मात्र तो पैसा तालुक्याला किती आला, हे लोकांना दिसेल अशी यादी निघाली पाहिजे. मागणी आपणच करायची आहे.

कोणी मागायला आलं, तर काय विचाराल?

आपल्याकडून बाहेर देणंही चांगलंच. चर्चमध्ये रविवारचं अर्पण असतं, सुगीला धान्य आणून त्याचा लिलाव होतो. गावोगावच्या सप्त्यांत अन्नदान असतं. देण्याची सवय आपल्याला नवी नाही. फक्त तीन गोष्टी बघा.

एक, पैसा जाणार कसा? नोंदणी असलेल्या ट्रस्टनं देशाबाहेर खर्च केला तर केंद्राच्या मंजुरीशिवाय त्याला आयकराची सूट मिळत नाही. म्हणून 'श्रीलंकेसाठी द्या' म्हणणाऱ्याला विचारा, पैसे कोणत्या संस्थेमार्फत पोहोचणार? उत्तर नसेल तर खिशातला हात बाहेर काढू नका. नोंदणी नसलेल्या मंडळालाही वर्गणीआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. गणपतीला काढतात तीच.

दोन, खातं कोणाचं? क्यूआर स्कॅन केला की पिन टाकण्याआधी नाव दिसतं. संस्थेऐवजी कोणा व्यक्तीचं नाव आलं तर थांबा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

तीन, मागून काय उरणार? गोधडी, शिधा हे पहिल्या आठवड्याचं काम, ते झालंच पाहिजे. पण त्यानंतर बियाणं, मजुरी, दुरुस्ती यासाठी पैसे जाणार आहेत का, आणि तिथल्या लोकांना विचारून जाणार आहेत का, हे विचारा.

हेच तीन सवाल आपल्याकडे मदत घेऊन येणाऱ्यालाही विचारायचे. खरवडून गेलेल्या शेताला किटमधल्या साखर-तेलानं माती परत येत नाही. गाळ, मजूर, ट्रॅक्टर, बी, यातलं नेमकं काय हवं, हे ग्रामसभेत ठरवून यादी तयार ठेवली तर देणाऱ्यालाही सोपं जाईल.

आणि जाता जाता : नळयोजना आली म्हणून गावातला हापसा गंजू देऊ नका. वीज गेली, मोटार जळली की पाणी त्याच्यावरच भरावं लागतं. बंद असेल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि पंचायत समितीकडून दुरुस्ती मागा. परक्या मुलखातल्या कोणीतरी दिलेल्या पैशातून आपल्याच लोकांनी घडवलेली ती वस्तू आहे. चालू ठेवणं आपल्या हातात आहे.