हौशी : ही काय शिवी झाली?

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून वडिलांची पेटी खाली आली. चाळीस वर्षे तिला कोणी हात लावला नव्हता. भात्याचे कातडे चिरलेले, दोन सूर मुके, आणि एक पट्टी दाबली की वर येण्याचे नाव नाही. ती दुरुस्त करून आणली आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी पुन्हा पलटे घोटू लागलो. तेव्हापासून भेटेल तो गृहस्थ विचारतो, “परीक्षेला बसणार का?” “कार्यक्रम कधी?” “व्हिडिओ टाकता की नाही?” मी म्हणतो, “छे हो, आपली हौस!” की लगेच त्याच्या मुद्रेवर दया उमटते. माझे भांडण या दयेशी आहे.

पेटी सुटली कशी, तेही सांगतो. बाराव्या वर्षी मला परीक्षेला बसविले. परीक्षकांनी चारचौघांदेखत सांगितले की मुलाची बोटे जड आहेत. निकालाची वाट न पाहता मी पेटीचे झाकण लावले. मला भूप मनापासून आवडत होता. पण त्याला गुण नव्हते. परीक्षांशी माझे वैर नाही, शिकणाऱ्याला त्या वाट दाखवितात. परंतु ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंतची शिडी म्हणजेच संगीत, आणि ज्याला वर जायचे नाही त्याने खालची पायरी अडवू नये, हा जो समज आपण करून घेतला आहे, तो साफ खोटा आहे.

इतिहास काय सांगतो? मुंबईची पारशी गायन उत्तेजक मंडळी १८७० साली निघाली ती गाण्याचे वेड असलेल्या गृहस्थांनी काढली. तिच्यात १८८४ साली एक विद्यार्थी दाखल झाला. पुढे तो वकील झाला आणि हिंदुस्थानभर हिंडून त्याने घराण्याघराण्यांतल्या बंदिशी जमविल्या, छापल्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे ते हेच! संगीत हा त्यांचा पोटाचा धंदा नव्हता. “कार्यक्रम कधी?” असे विचारून त्यांना कोणी गप्प बसविले असते, तर आज आपल्या हाती काय राहिले असते?

पेटीचेच पाहा. मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, म्हणून रेडिओने १९४० साली तिला दार बंद केले. ते किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. पण तेवढ्या काळात पेटी मेली नाही. मैफिलीत ती साथीला होतीच. शिवाय भजनी मंडळात होती, नाटकाच्या तालमीत होती, आणि जेवणे उरकल्यावर सतरंजीवर बसणाऱ्या कारकुनाच्या नि मास्तराच्या मांडीपुढे होती. त्यांना मानधन कोण देत होते?

आता कोणी म्हणेल, मोठमोठ्या कलावंतांचे वादन हवे तेव्हा ऐकायला मिळते, मग तुमचे अडखळणे हवे कशाला? अहो, लग्नाच्या पंगतीत उत्तम जिलबी मिळते, म्हणून घरची चूल कोणी विझवितो काय? उलट, स्वतः वाजवू लागल्यापासून मला ऐकू अधिक येते. पाचच सुरांचा भूप. पण गंधारावर किती थांबावे हे ज्याच्या बोटांनी शंभरदा चुकविले आहे, त्यालाच कलावंताचे थांबणे कळते. हौस म्हणजे बेफिकिरी नव्हे. रात्री दहानंतर मी भाता उघडत नाही, आणि चुकलेला पलटा सुधारल्यावाचून पुढे जात नाही. बोटे अजून जडच आहेत. फरक इतकाच, की आता त्याची मला लाज वाटत नाही.

माझी खरी भीती निराळीच आहे. ज्या घरात आईबाप नुसतेच ऐकतात आणि मुले नुसती परीक्षा देतात, त्या घरात गाणे राहते, पण गुणगुणणे जाते. आणि गुणगुणणे गेल्यावर गाणेही फार दिवस टिकत नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत माळ्यावर हात घाला. पेटी असेल, बुलबुलतरंग असेल, तबल्याची एकटी डग्गी असेल. खाली काढा, पुसा, वाजवा. फराळाला आलेल्यांपैकी कोणी विचारलेच, “कार्यक्रम कधी?” तर हात न थांबवता सांगा, “चालू आहे, बसा!”