हरला की वर्ष संपलं

रोव्हर्स कप बंद पडला तो 2000-01 च्या हंगामानंतर. बंद केल्याचा गाजावाजा झाला नाही. पुढच्या वर्षी स्पर्धा भरली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, एवढंच. 1891 पासून मुंबईत चाललेली फुटबॉलची स्पर्धा होती ही. सुरुवातीची कित्येक दशकं कप गोऱ्या पलटणींकडेच राहिला. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा पहिल्यांदा भारतीय संघाचं नाव त्यावर लागलं. पुढे सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 असा सलग पाचदा तो नेला. शिमल्यात 1888 मध्ये सुरू झालेला ड्युरँड कप आजही खेळला जातो. आपला मात्र गेला, आणि महाराष्ट्राने तो जाऊ दिला याचं मला अजून वाईट वाटतं.

स्पर्धा मोठ्यांची, मुंबईची. पण आमच्या मलकापूरला मुंबईचा पेपर रेल्वेने यायचा आणि कूपरेज मैदानावरचा निकाल शिळा का होईना, आम्हा पोरांच्या हाती पडायचा. मग संध्याकाळी कुणी मोहन बागान व्हायचं, कुणी मोहमेडन स्पोर्टिंग. दरवर्षी ठरल्या वेळी काहीतरी येणार आहे, हे माहीत असलं की पोरं वर्षभर खेळतात.

एका दिवसाच्या सोहळ्याने ते होत नाही. 15 सप्टेंबर 2017 ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, सरकारने राज्यभर दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायचं ठरवलं. दिवस छान गेला. त्या विश्वचषकाच्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो त्या एका दिवसातून आलेला नव्हता. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर दर हंगामाला लीग होते. त्या गावात वाढून तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या शाळकरी मुलाच्या वाट्याला मुख्यतः येतो तो सुब्रतो कप. 1960 पासूनची चांगली स्पर्धा, तिच्याविषयी तक्रार नाही. पण ती बाद पद्धतीची. जिल्ह्यात जिंका, मग अमरावती विभाग, मग राज्य. पहिल्याच सामन्यात हरलेल्या शाळेचं वर्ष तिथेच संपतं. त्यात हे सामने ऐन पावसाळ्यात. काळ्या मातीचा चिखल बुटाला असा धरतो की पाय उचलवत नाही. चेंडू चांगला कोण खेळवतो, हे त्यात कळणार कसं?

दसऱ्यानंतर माती वाळते. तेव्हापासून संक्रांतीपर्यंत दर रविवारी शाळांच्या लीगचे सामने ठेवता येतील. तेराही तालुके लगेच नकोत. खामगाव, मलकापूर, शेगाव, बुलडाणा इथल्या दोन-दोन शाळा घ्या, प्रत्येक शाळेला प्रत्येकीशी खेळू द्या. सगळ्यात शेवटी राहिलेल्या संघाच्या वाट्यालाही सात सामने येतील. एसटीचं भाडं आणि पंचांचं मानधन एवढा खर्च गावातले व्यापारी उचलतील, अशी माझी खात्री आहे. जिल्हा क्रीडा कार्यालयाने फक्त तारखा जाहीर कराव्यात, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखांना पुन्हा मैदान आखून द्यावं.