रडू आवरणे म्हणजे स्टोइक होणे नव्हे

गेल्या पावसाळ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ छातीत धडधड होते म्हणून माझ्याकडे आले. रात्री दोन-अडीचला जाग यायची, मग पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही. जेवणावरची वासना गेली होती. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, साखर असे सगळे तपासून झाले होते आणि कशातच काही सापडले नव्हते. घरात अलीकडे काही घडले का, असे विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘‘चार महिन्यांपूर्वी धाकटा भाऊ गेला. हार्ट अटॅक. पण मी ते मनावर घेतलेलं नाही, डॉक्टर. मी सध्या स्टोइसिझम फॉलो करतो.’’ आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर एका दाढीवाल्या रोमन सम्राटाचा संगमरवरी चेहरा होता.

भाऊ गेल्यापासून हे गृहस्थ एकदाही रडले नव्हते. दिवसकार्य त्यांनीच निभावले, भावजयीची बँकेची आणि विम्याची कामे त्यांनीच मार्गी लावली. ‘काय खंबीर माणूस आहे!’ म्हणून नातेवाइकांनी पाठ थोपटली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पण गोष्ट अशीच घडली.

‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय’ हे आपल्याकडे पूर्वीपासून सांगितले जाते. आता त्याच सल्ल्याला रीळ्समधून आणि यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांमधून ग्रीक नाव मिळाले आहे. थंड पाण्याने अंघोळ करा, पहाटे पाचला उठा, भावना दाबा, झालात तुम्ही स्टोइक! माझे म्हणणे असे की, हा त्या तत्त्वज्ञानाचा विपर्यास आहे आणि आरोग्याच्या दृष्टीने तो महागात पडणारा आहे. कारण त्याच तत्त्वज्ञानातून आजच्या मानसोपचारातली एक अतिशय उपयोगी पद्धत निघाली आहे आणि ती नेमके याच्या उलट करायला सांगते.

मूळ गोष्ट इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराची. सायप्रसमधल्या किटियन गावचा झेनो हा व्यापारी. त्याचे जहाज बुडाले, माल गेला, आणि तो अथेन्सला येऊन पोहोचला, अशी कथा सांगतात. तिथे एका पुस्तकविक्रेत्याकडे त्याने सॉक्रेटिसविषयी ऐकले आणि ‘अशी माणसे भेटतात कुठे?’ असे विचारले. पुढे तो स्वतःच शिकवू लागला. जागा होती भर बाजारचौकातली, चित्रांनी सजवलेली, खांबांची लांब ओसरी. ग्रीकमध्ये अशा ओसरीला ‘स्टोआ’ म्हणतात. त्यावरून हे लोक स्टोइक. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही ऐकता येईल अशा जागी ते विचार करत बसले. डोंगरावर जाऊन जगाकडे पाठ फिरवण्याचा हा पंथ नव्हे.

या परंपरेतला जो माणूस मानसोपचाराला सर्वांत जवळचा आहे, तो एपिक्टेटस. इसवी सन ५०च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानात जन्मलेला, पायाने अधू, रोममध्ये गुलाम म्हणून राबलेला. पुढे मुक्त झाल्यावर त्याने शिकवायला सुरुवात केली. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलून लावले तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन शाळा काढली. त्याने स्वतः काही लिहिले नाही. एरियन नावाच्या शिष्याने त्याची शिकवण उतरवून घेतली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. तिचा गाभा दोन गोष्टींत सांगता येतो. एक, काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, हे आधी वेगळे करा. दोन, माणूस घटनेमुळे जितका हादरतो त्याहून अधिक त्या घटनेविषयी मनाशी धरलेल्या मताने हादरतो. म्हणून ते मत बाहेर काढून उजेडात तपासा.

यात भावना दाबण्याचा उल्लेख कुठेच नाही. उलट, एक जुनी हकिगत या गैरसमजावर उतारा म्हणून प्रत्येक रीळखाली चिकटवावी अशी आहे. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलियस जहाजाने इटलीकडे निघाला होता. त्याच जहाजावर अथेन्समधला एक नावाजलेला स्टोइक होता. रात्री भयंकर वादळ झाले. सगळे आरडाओरडा करत होते. स्टोइक ओरडत नव्हता, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोमणा मारला, ‘तू तर तत्त्वज्ञ, मग घाबरलास कसा?’ नंतर गेलियसने आदराने तेच विचारले, तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसच्या शिकवणीचे पुस्तक काढले. त्यात म्हटले होते की, अचानक मोठा आवाज झाला, संकट कोसळले की ज्ञानी माणूसही दचकतो, पांढरा पडतो, त्याचे काळीज धडधडते. तो पहिला धक्का कुणाच्याही ताब्यात नसतो. फरक पुढच्या क्षणी पडतो: ‘आता सगळे संपले’ या विचारावर तो शिक्का मारत नाही. एपिक्टेटसच्या शिकवणीचा तो भाग पुढे हरवला. गेलियसने नोंद करून ठेवली म्हणून एवढे तरी उरले.

शरीरशास्त्र आज वेगळ्या शब्दांत हेच सांगते. धोका जाणवताच अ‍ॅड्रेनालिन उसळते, नाडी वाढते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा फिका पडतो. हे इतक्या झटकन होते की विचाराला मध्ये पडायला वेळच मिळत नाही. ही प्रतिक्रिया म्हणजे दुबळेपणा नव्हे. ती थोपवण्याचा अट्टहास करणारा माणूस स्टोइकांच्याच हिशेबाने चुकीच्या जागी जोर लावत असतो.

हा धागा विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी उचलला. मनोविश्लेषणाच्या लांबलचक उपचारांना कंटाळून त्यांनी १९५५च्या सुमारास नवी पद्धत मांडली आणि एपिक्टेटसचे ऋण उघडपणे मान्य केले. त्यांचे म्हणणे असे की, घटना आणि यातना यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते आणि ती बहुधा हट्टी असते. मराठीत तो हट्ट एका अक्षरात पकडता येतो: ‘च’. मुलाला नव्वद टक्के मिळायलाच हवेत. लोकांनी मला मान द्यायलाच हवा. माझ्या हातून चूक होताच कामा नये. ‘व्हावे’ ही इच्छा झाली. ‘व्हायलाच हवे’ हा जगाला दिलेला हुकूम झाला, आणि जग काही आपल्या हुकमात नसते. इच्छा मोडली तर वाईट वाटते, हुकूम मोडला तर माणूस कोसळतो.

त्यानंतर काही वर्षांनी फिलाडेल्फियात अ‍ॅरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांचे आपोआप येणारे विचार टिपायला सुरुवात केली. त्यातून ‘कॉग्निटिव्ह थेरपी’ उभी राहिली. नैराश्यावरच्या त्यांच्या १९७९च्या ग्रंथात या पद्धतीची तात्त्विक मुळे स्टोइकांपर्यंत जातात, असे स्पष्ट नोंदवले आहे. महाराष्ट्रात ही परंपरा आणण्याचे मोठे श्रेय कि. मो. फडके यांचे. एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून त्यांनी ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ मराठीत रुजवला. अथेन्सच्या ओसरीतला विचार आपल्याकडे आला तो असा, न्यूयॉर्कमार्गे.

हा नुसता विचार म्हणून राहिला नाही, तो औषधासारखा तपासला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात नैराश्यावरील अशा उपचारांच्या ४०९ चाचण्या आणि ५२ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र पाहिले गेले. उपचार न मिळालेल्या किंवा नेहमीचीच देखभाल मिळालेल्या लोकांपेक्षा या रुग्णांना चांगला फरक पडला. सुरुवातीला परिणाम औषधांच्या तोडीचा होता आणि सहा ते बारा महिन्यांनी तो औषधांपेक्षा सरस दिसला. इतर मानसोपचार पद्धतींच्या फार पुढे मात्र ही पद्धत गेली नाही, हेही तिथेच नमूद आहे. जादू नव्हे, पण भरवसा ठेवावा असा उपचार नक्कीच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुने स्टोइक सगळेच आजच्या समुपदेशकासारखे मऊ नव्हते. आनंद, सदिच्छा, सावधपणा या भावनांना त्यांनी जागा दिली होती. पण शोक त्यांच्या यादीत चुकीच्या विचारातून आलेला विकार होता. मुलाचा मुका घेतानाही हे मूल मर्त्य आहे याची आठवण ठेवा, असे एपिक्टेटस सांगतो. आजच्या आईबापांच्या काळजाला हे झेपणार नाही, आणि झेपावे असेही मला वाटत नाही. आधुनिक मानसोपचाराने त्यांची अवजारे घेतली, तो आदर्श पुरुष घेतला नाही. मला हा व्यवहार अगदी योग्य वाटतो. प्रिय माणूस गेल्यावर वाईट वाटणे ही विचारातली चूक नव्हे. ‘मीच त्याला मारले’ ही असू शकते.

दुसरा धोका त्याहून मोठा आहे. ‘जे हातात नाही ते सोडून द्या’ हे वाक्य कोण कुणाला सांगतो आहे, ते पाहावे. गुलामीत राहिलेल्या एपिक्टेटसने ते स्वतःला सांगितले तर तो आधार असतो. बारा-बारा तास राबवून घेणाऱ्या साहेबाने ताणतणावावरच्या शिबिरात तेच कर्मचाऱ्यांना ऐकवले तर ती पळवाट असते. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘तू प्रतिक्रिया देऊ नकोस, मन शांत ठेव’ असे सांगणे हा तर निव्वळ अन्याय. तिथे बदलायला हवी ती परिस्थिती. स्टोइक लोक न्यायाला मुख्य सद्गुणांपैकी एक मानत. हे वाक्य रीळवर का येत नाही, याचाही विचार करावा.

तिसरी गोष्ट डॉक्टर म्हणून. तीव्र नैराश्य ही इच्छाशक्तीची परीक्षा नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर सुविचार वाचत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, गरज असेल तर औषध घ्या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत आपल्या देशातले ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूरच राहतात. त्यात ‘मी खंबीर आहे’ म्हणणारे किती असतील, याची कल्पना करा. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.

त्या गृहस्थांना मी समुपदेशकाकडे पाठवले. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ते वाक्य बाहेर आले. भावाने आठवडाभर आधी छातीत जळजळते म्हणून फोन केला होता आणि यांनी ‘अ‍ॅसिडिटी असेल, थंड दूध घे’ असे सांगितले होते. ‘मी त्याला न्यायलाच हवं होतं. मीच मारलं त्याला.’ चार महिने हे वाक्य आत होते आणि वर संगमरवरी चेहरा. समुपदेशकाने ते वाक्य पुसले नाही, तपासायला घेतले. त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होते? भावाने स्वतः काय केले? चूक आणि खून यांत अंतर आहे की नाही? चूक झाली असेल तर आज त्याच्या मुलांसाठी काय करता येईल? त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर रडले. झोप हळूहळू परत आली.

त्यांच्या मोबाइलवरचा तो सम्राट म्हणजे मार्कस ऑरेलियस. इसवी सन १६१ ते १८० या त्याच्या राजवटीत साथ आली, युद्धे झाली. स्वतःच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक त्याने गमावली. रोमन सम्राटांच्या एका जुन्या चरित्रग्रंथात त्याच्या तरुणपणाची एक गोष्ट आहे. त्याला लहानाचा मोठा करणारा शिक्षक वारला तेव्हा तो रडू लागला. दरबारातले सेवक त्याला आवरायला धावले. त्याचा दत्तक पिता, सम्राट अँटोनायनस, त्यांना म्हणाला की, त्याला माणूस राहू द्या. तत्त्वज्ञान असो वा साम्राज्य, दोन्हींमुळे माणसाची माया आटत नाही.

ही गोष्ट मी त्या गृहस्थांना पुढच्या तपासणीच्या वेळी सांगितली. त्यांनी मोबाइलवरचा फोटो बदलला नव्हता. बदलायची गरजही नाही, असे मीच म्हणालो.